विश्लेषण : वेबसाइट बंद, पण फलक मात्र हिरवा! क्लाउडवरील सर्व्हरची देखरेख का चुकते?

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून लोक फोनकडे वळले होते. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास स्नॅपचॅट, सिग्नल, रेडिट, पर्प्लेक्सिटी अशा एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या सेवा एकापाठोपाठ एक अडखळू लागल्या. या सगळ्यांचा घरमालक एकच होता : ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस अर्थात एडब्ल्यूएस. बिघाड अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियाच्या डेटा सेंटरमधला होता आणि तेथे तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजले होते. सर्व काही पूर्ववत व्हायला साडेचौदा तास लागले. जगातील सर्वात मोठ्या क्लाउड कंपनीकडे देखरेखीची साधने कमी नाहीत. तरीही त्या दिवशीच्या बिघाडाचा एक मोठा भाग देखरेखीच्या यंत्रणेनेच वाढवला, हे कंपनीने नंतर दिलेल्या तपशिलातून स्पष्ट झाले. सर्व्हरची तब्येत तपासणारी यंत्रणा काम कशी करते आणि ऐनवेळी दगा का देते?

‘सर्व्हर चालू आहे’ याचा अर्थ काय?

बँकेचे शटर वर आहे, दिवे लागलेले आहेत, पंखे फिरत आहेत. पण काउंटरवरचा संगणक बंद आहे. बँक चालू म्हणायची की बंद? रस्त्यावरून जाणाऱ्याला चालू, रांगेत उभ्या असलेल्याला बंद. वेब सर्व्हरचे अगदी असेच आहे. ‘चालू’ हा शब्द कोण कुठून पाहतो आहे, त्यावर अवलंबून असतो.

सर्वात सोपी तपासणी म्हणजे ‘पिंग’. दूरच्या संगणकाला हाक मारायची आणि त्याने ‘ओ’ दिली की समाधान मानायचे. यातून तो संगणक जागा आहे, एवढेच कळते. त्यावरील वेब सर्व्हर काम करतो आहे का, हे कळत नाही. पुढची पायरी म्हणजे एखादे पान मागून पाहणे. पान नीट आले तर सर्व्हर २०० हा संकेतांक देतो. इथेही गंमत आहे. ‘क्षमस्व, सेवा तूर्त उपलब्ध नाही’ असे लिहिलेले पान अनेक संकेतस्थळे याच २०० क्रमांकासह पाठवतात. तपासणाऱ्या प्रोग्रामला मजकूर वाचता येत नाही. तो क्रमांक पाहतो आणि हिरवा दिवा लावतो.

खरी परीक्षा त्यापुढे सुरू होते. दर मिनिटाला मुंबई, दिल्ली, सिंगापूर अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून एक प्रोग्राम खोटा ग्राहक बनून येतो. तो लॉगिन करतो, वस्तू निवडतो, पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जातो आणि वाटेत कुठे किती सेकंद लागले याची नोंद ठेवतो. याला ‘सिंथेटिक’ तपासणी म्हणतात. त्याच्याही पलीकडे, खऱ्या ग्राहकाच्या ब्राउजरमध्येच पान उघडायला किती वेळ लागला हे मोजण्याची सोय असते. नाशिकच्या एखाद्या खेड्यात कमकुवत नेटवर्कवर पान बारा सेकंदांनी उघडत असेल, तर ते फक्त याच मोजणीत दिसते. लहान संस्थांची देखरेख बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबते. त्यामुळे ग्राहक फोन करून सांगतो, ‘तुमची साइट बंद आहे’ आणि पलीकडून उत्तर मिळते, ‘आमच्याकडे तर चालू दिसते आहे’. दोघेही खरेच बोलत असतात.

नेमके मोजायचे काय?

गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली ‘साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंग’ या पुस्तकात चार गोष्टी मोजायला सांगितल्या आणि पुढे या क्षेत्राने त्या प्रमाण मानल्या. प्रतिसादाला लागणारा वेळ, येणाऱ्या मागण्यांची संख्या, चुकलेल्या मागण्यांचे प्रमाण आणि यंत्रणा क्षमतेच्या किती जवळ पोहोचली आहे, या त्या चार गोष्टी. ऐकायला सोपे वाटते, पण त्यातील पहिल्याच मोजमापात लोक फसतात, कारण ते सरासरी पाहतात.

समजा १०० जणांनी पान मागितले. ९५ जणांना ते ०.२ सेकंदात मिळाले आणि पाच जणांना २० सेकंद ताटकळावे लागले. सरासरी निघते सुमारे १.२ सेकंद. डॅशबोर्डवर हा आकडा काही वाईट दिसत नाही. प्रत्यक्षात १.२ सेकंद हा अनुभव एकालाही आलेला नाही आणि ते पाच जण तर केव्हाच वैतागून निघून गेले आहेत. म्हणून जाणकार सरासरीऐवजी ‘९५ किंवा ९९ टक्के लोकांना जास्तीत जास्त किती वेळ लागला’ हे पाहतात. शंभरातील पाच म्हणजे थोडे वाटतात. दहा लाख मागण्यांमध्ये ते पन्नास हजार होतात.

क्लाउडमुळे वेगळे काय झाले?

पूर्वी कंपनीच्या एका थंड खोलीत सर्व्हर असत. त्यांची संख्या ठरलेली आणि अनेकदा त्यांना नावेही दिलेली असत. कोणता आजारी आहे, हे दिवा पाहून सांगता येई. क्लाउडमध्ये सर्व्हर भाड्याचे असतात आणि तेही तासांच्या, मिनिटांच्या हिशोबाने. गर्दी वाढली की दहाचे चाळीस होतात, ओसरली की पुन्हा दहा. सकाळी केलेली यादी दुपारी शिळी होते. एखादे यंत्र बंद पडून नाहीसे झाले आणि त्यावरील नोंदी, म्हणजे लॉग, आधीच दुसरीकडे पाठवलेल्या नसतील, तर बिघाडाचा पुरावाही त्याच्यासोबत जातो. प्रॉमिथियससारखी आजची साधने ‘अमुक सर्व्हर’ नव्हे, तर ‘अमुक काम करणारे आत्ता जे कोणी आहेत ते सगळे’ अशा पद्धतीने पाहतात, त्याचे कारण हेच.

दुसरी अडचण म्हणजे भाडेकरूला भिंतीआड काय आहे ते दिसत नाही. एडब्ल्यूएसची ‘क्लाउडवॉच’ ही देखरेख सेवा भाड्याच्या यंत्रांची मूलभूत मोजमापे दर पाच मिनिटांनी देते. मिनिटागणिक हवी असतील तर वेगळे पैसे पडतात. यंत्राची मेमरी किती भरली, हे साध्या मांडणीत कळतच नाही. त्यासाठी यंत्राच्या आत एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. अनेकांना याचा पत्ता मेमरी भरून साइट बंद पडल्यावरच लागतो.

पाच मिनिटे हा काळ किती मोठा असतो? दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे पालक, मामा, आत्या, क्लासवाले. दुपारी एकच्या ठोक्याला सगळे एकाच वेळी बैठक क्रमांक टाकतात. पाच मिनिटांच्या मोजणीत ही लाट एक वाजून पाच मिनिटांनी दिसणार. ती पाहून ‘आणखी सर्व्हर हवेत’ असा हुकूम सुटणार. ते सुरू होऊन कामाला लागेपर्यंत आणखी काही मिनिटे जाणार. आपोआप वाढणाऱ्या क्लाउडचे गुणगान खूप होते, पण घड्याळ लावून येणाऱ्या गर्दीपुढे ते उपयोगाचे नाही. तेथे बारा वाजताच सर्व्हर वाढवून ठेवावे लागतात.

आता डेटा सेंटर भारतातच आहेत ना, असाही प्रश्न विचारला जातो. आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई, एडब्ल्यूएसने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे क्लाउड प्रदेश सुरू केले. पण जगभरासाठी एकच असलेल्या काही नियंत्रण सुविधांचे मूळ उत्तर व्हर्जिनियात आहे. २० ऑक्टोबरला खुद्द एडब्ल्यूएसनेच कळवले होते, की कोणाला कोणता अधिकार आहे हे ठरवणाऱ्या सेवेतील बदलांसारख्या, त्या प्रदेशावर विसंबलेल्या जागतिक सुविधांनाही अडचण येऊ शकते. मुंबईतील यंत्रांवर लावलेला पहारा ही गोष्ट पाहूच शकत नाही.

२० ऑक्टोबरला तपासणीच आजार कशी ठरली?

सुरुवात झाली ती डायनॅमोडीबी या माहितीसाठ्याच्या पत्त्यापासून. इंटरनेटवर कोणतेही नाव टाकले की डीएनएस ही व्यवस्था त्याचा अंकी पत्ता देते. डायनॅमोडीबीचे हजारो पत्ते सतत बदलत असतात. ते अद्ययावत ठेवण्याचे काम आपोआप चालते. एक भाग नवी योजना तयार करतो आणि काही स्वतंत्र प्रोग्राम ती अमलात आणतात. त्या दिवशी यातील एक प्रोग्राम रेंगाळला. दरम्यान, दुसऱ्याने नवी योजना लागू केली आणि जुन्या योजनांची साफसफाई सुरू केली. तेवढ्यात रेंगाळलेल्या पहिल्याने आपली जुनी योजना नव्यावर लिहून टाकली. आपली योजना ताजी आहे ना, हे त्याने तपासले होते, पण फार आधी. साफसफाई करणाऱ्याला ती योजना जुनी दिसली आणि त्याने ती पुसली. परिणामी त्या प्रदेशातील डायनॅमोडीबीचा पत्ताच रिकामा झाला. सर्व्हर ठणठणीत होते, पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता कुणालाच माहीत नव्हता.

दोष पत्त्यात आहे, हे अभियंत्यांना ५० मिनिटांत कळले. भारतात दुपारचे तीन वाजण्याच्या सुमारास पत्ता दुरुस्तही झाला. मग पुढचे जवळपास बारा तास का लागले?

मधल्या काळात नवी यंत्रे सुरू करण्याची व्यवस्था कोलमडली होती. ती हळूहळू सावरू लागली, तेव्हा नवी यंत्रे तर सुरू झाली, पण ‘हे यंत्र जाळ्यात कुठे आहे’ ही माहिती सर्वत्र पोहोचायला उशीर होऊ लागला. आता येतो लोड बॅलन्सर. येणारी गर्दी अनेक यंत्रांमध्ये वाटून देणारा हा वाहतूक हवालदार दर काही सेकंदांनी प्रत्येक यंत्राला विचारतो, ‘ठीक आहेस ना?’ उत्तर आले नाही, की त्या यंत्राला रांगेतून बाहेर काढतो. एरवी ही उत्तम सोय आहे. त्या संध्याकाळी मात्र निरोगी यंत्रांकडूनही उत्तर येत नव्हते, कारण रस्ताच तयार नव्हता. पुढच्या फेरीत उत्तर येई, यंत्र आत घेतले जाई. त्यापुढच्या फेरीत पुन्हा नापास. यंत्रे आत-बाहेर होत राहिली, त्या धावपळीने तपासणी यंत्रणेवरच ताण आला आणि तिचे निकाल आणखी अविश्वसनीय झाले. चांगली क्षमता हाताशी असताना ती बाद होत राहिली.

भारतीय वेळेनुसार रात्री १० वाजून ६ मिनिटांनी अभियंत्यांनी काय केले? तपासणीच्या निकालावरून यंत्रे आपोआप बाद करण्याची ती सोयच बंद केली. त्यानंतर निरोगी यंत्रे पुन्हा कामाला लागली. तपासणीच्या आधारे एका वेळी किती क्षमता काढून घेता येईल, याला मर्यादा घालणार असल्याचे कंपनीने नंतर जाहीर केले. म्हणजे डॉक्टरने एकाच फेरीत सगळा वॉर्ड मृत घोषित करू नये, अशी तजवीज.

हे पहिल्यांदाच घडले का?

नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी याच उत्तर व्हर्जिनियात एका अभियंत्याने आदेश टाइप करताना चूक केली आणि ठरले होते त्याहून अधिक सर्व्हर बंद झाले. एस३ ही साठवण सेवा कोसळली. त्या वेळी एडब्ल्यूएसचा ‘सेवा कशी आहे’ हे सांगणारा फलक बराच काळ हिरवाच राहिला. कारण हास्यास्पद होते : तो फलक बदलण्याची व्यवस्थाच एस३वर अवलंबून होती. घराला आग लागल्याची घंटा त्याच घराच्या वायरिंगवर! दोन तास कंपनीला ट्विटरवरून खुलासे करावे लागले.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र भारतीयांना आठवत असेल. नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकाच वेळी गप्प झाले, ते पहाटेपर्यंत. फेसबुकने नंतर दिलेला खुलासा मुळातून वाचण्यासारखा आहे. आपल्या अंतर्गत महाजालाची क्षमता किती उपलब्ध आहे, हे तपासण्यासाठी एक आदेश दिला गेला आणि त्याने ते संपूर्ण महाजालच तोडले. असे धोकादायक आदेश रोखणारी तपासणी होती, पण तिच्यातही दोष होता. पुढे तर कडी झाली. कंपनीचे डीएनएस सर्व्हर मूळ डेटा सेंटरशी बोलता आले नाही, तर ‘माझी तब्येत बरी नाही’ असे समजून स्वतःचा रस्ता इंटरनेटवरून मागे घेतात. एखाद-दुसऱ्या सर्व्हरसाठी हा नियम शहाणपणाचा आहे. त्या रात्री सगळ्यांनीच एकदम रजा टाकली. अभियंत्यांची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले.

आणि १८ नोव्हेंबर २०२५. दुपारी ४ वाजून ५० मिनिटांनी क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा कोलमडली. असंख्य संकेतस्थळांच्या पुढ्यात उभा असलेला हा द्वारपाल. एक्स आणि चॅटजीपीटीलाही झळ बसली. माहितीसाठ्याच्या परवानग्यांत केलेल्या बदलामुळे एका फाइलचा आकार दुप्पट झाला आणि ती वाचणारा प्रोग्राम कोसळू लागला. ही फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने बनत असे, कधी चांगली, कधी बिघडलेली. म्हणून सेवा मध्येच सावरे आणि पुन्हा पडे. देखरेखीच्या आलेखावर हे चढउतार पाहून हा बाहेरून झालेला हल्ला असावा, अशी अभियंत्यांची समजूत झाली. त्यातच, कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याबाहेर मुद्दाम ठेवलेले स्थिती सांगणारे पानही निव्वळ योगायोगाने बंद पडले आणि संशय पक्का झाला. चुका घडल्या की त्यांचा अधिक तपशील आपोआप गोळा करणारी यंत्रणा एवढी कामाला लागली, की तिनेच सर्व्हरची बरीच ताकद खाल्ली. ‘कोणती साइट बंद आहे’ हे लोक ज्यावर पाहतात, ते डाउनडिटेक्टरही त्या वेळी अडखळत होते, कारण तेही क्लाउडफ्लेअरच्या मागे उभे होते.

यूपीआयच्या बाबतीत काय झाले?

१२ एप्रिल २०२५, शनिवार. दुकानात, पेट्रोल पंपावर, रिक्षात यूपीआय अडकले ते सुमारे पाच तास. यूपीआय म्हणजे नेहमीच्या अर्थाने वेबसाइट नव्हे, पण दुखणे याच जातीचे निघाले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन अर्थात एनपीसीआयच्या तपासात जे कारण समोर आले, ते पैसे पाठवणाऱ्यांची गर्दी हे नव्हते. ‘त्या व्यवहाराचे काय झाले?’ असे विचारणाऱ्या चौकश्यांचा पूर आला होता. काही बँका एकाच व्यवहाराची, अगदी जुन्या व्यवहारांचीही, स्थिती पुन्हापुन्हा विचारत होत्या.

याचे चक्र कसे चालते, पाहा. यंत्रणा जरा मंदावते. उत्तर न आल्याने बँकेचा सर्व्हर पुन्हा विचारतो. त्या चौकशीने यंत्रणा आणखी मंदावते. मग आणखी बँका विचारू लागतात. दुकानात उभा असलेला ग्राहकही तेच करतो : पैसे कापले गेले का, म्हणून शिल्लक तपासतो, मग पुन्हा तपासतो. चौकशी खिडकीवरच्या गर्दीने तिकीट खिडकी बंद पडावी, तसा हा प्रकार.

उपाय म्हणून एनपीसीआयने विचारण्यावरच रेशनिंग आणले. स्थिती विचारायची तर ९० सेकंद थांबायचे आणि जास्तीत जास्त तीनदा विचारायचे. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते आणि आपोआप होणारे हप्ते गर्दीच्या वेळांबाहेर ठेवले गेले. ५० ही मर्यादा जाहीर झाली तेव्हा ‘दिवसात ५० वेळा शिल्लक पाहतो कोण?’ म्हणून थट्टा झाली. माणसे क्वचितच पाहतात, पण त्यांच्या वतीने ॲप पाहतात.

मग अलर्ट वाढवले तर?

हा सर्वात सोपा आणि सर्वात वाईट उपाय. पुण्यात हिंजवडी-खराडीत अनेक घरांना ‘ऑन-कॉल’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. त्या आठवड्यात घरातील अभियंत्याचा फोन उशाशी असतो आणि रात्री तीनलाही वाजतो. प्रोसेसरचा वापर ८० टक्क्यांवर गेला, वाजला. दोन मिनिटांत खाली आला, तरी वाजला. अशा वीस फुसक्या घंटांनंतर एकविसावी खरी असते आणि नेमकी तीच ‘नंतर बघू’ म्हणून दाबली जाते. म्हणून प्रोसेसर किती तापला, यापेक्षा ग्राहकाचे काम अडले का, यावर घंटा वाजावी, असा आग्रह आता धरला जातो. प्रोसेसर ९० टक्क्यांवर असून ग्राहक खूश असेल, तर माणसाला झोपू द्यावे. उलट प्रोसेसर १० टक्क्यांवर शांत असतो, कारण ग्राहक आतच पोहोचू शकत नाहीत. २० ऑक्टोबरच्या डायनॅमोडीबीच्या सर्व्हरची स्थिती अशीच होती : ठणठणीत आणि बिनकामाची.

आपल्याकडे नियम काय सांगतात?

जेथे पैसा आहे तेथे नियम आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधील वीज गेल्याने डिजिटल सेवा ठप्प झाल्या. त्यापूर्वीच्या दोन वर्षांतील बिघाडही लक्षात घेऊन रिझर्व्ह बँकेने त्या डिसेंबरमध्ये बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास तात्पुरती मनाई केली होती. शेअर दलालांसाठी ‘सेबी’ने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेले परिपत्रक तर देखरेखीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. सलग पाच मिनिटे वा अधिक काळ चाललेली अडचण म्हणजे तांत्रिक बिघाड, अशी व्याख्या त्यात केली गेली आणि त्याची खबर तासाभरात शेअर बाजाराला देणे बंधनकारक झाले. मोठ्या दलालांच्या यंत्रणेची मोजमापे थेट शेअर बाजाराला दिसत राहावीत, अशी ‘लामा’ नावाची व्यवस्थाही ठरली. दलाल स्वतः ‘आमचे चालू आहे’ म्हणतो, त्यावर विसंबायचे नाही. एनपीसीआयही कोणत्या बँकेचे किती टक्के व्यवहार तांत्रिक कारणाने फसले, याची बँकनिहाय आकडेवारी प्रसिद्ध करते.

जेथे विद्यार्थी आहेत तेथे चित्र वेगळे आहे. २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया प्रथमच राज्यभर लागू झाली. २१ मे रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ बंद पडले आणि नोंदणी पुढे ढकलून २६ मेपासून घ्यावी लागली. या पाच दिवसांत सायबर कॅफेत आणि शाळांच्या मार्गदर्शन केंद्रांवर पालक फेऱ्या मारत होते. त्यांच्यासाठी ‘पाच मिनिटांहून अधिक म्हणजे बिघाड’ अशी व्याख्या कुठे आहे? गर्दी अनपेक्षित होती, असे अशा वेळी सांगितले जाते. दहावीला किती मुले बसली, किती उत्तीर्ण झाली, हे मंडळाने निकालाच्याच दिवशी जाहीर केलेले असते. याहून अपेक्षित गर्दी दुसरी कोणती असणार?

९९.९ टक्के हमीचा अर्थ काय?

क्लाउडच्या करारांत आणि निविदांमध्ये हा आकडा दिमाखात झळकतो. महिन्याच्या हिशोबात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे सव्वाचार मिनिटे. ही ४३ मिनिटे कोणती, हे मात्र आकडा सांगत नाही. ती पहाटे चारला गेली काय किंवा निकालाच्या दिवशी दुपारी एकला गेली काय, टक्केवारी तीच.

शिवाय हे आकडे साखळीत गुणले जातात. वेब सर्व्हर, माहितीसाठा, ओटीपी पाठवणारी सेवा, पेमेंट गेटवे आणि डीएनएस, अशा पाच कड्या प्रत्येकी ९९.९ टक्के भरवशाच्या असतील आणि अर्ज भरायला पाचही लागत असतील, तर अर्जदाराच्या वाट्याला येतात ९९.५ टक्के, म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून अधिक खोळंबा. यात कोणीच करार मोडलेला नसतो.

हमी मोडली तर? एडब्ल्यूएसच्या ईसी२ या भाड्याच्या सर्व्हर सेवेला ९९.९९ टक्क्यांची हमी आहे, पण ती संपूर्ण प्रदेशाच्या पातळीवर. यंत्रे किमान दोन स्वतंत्र विभागांत पसरलेली असतील, तरच ती लागू होते. एकट्या यंत्रासाठी हमी ९९.५ टक्क्यांची. हमी हुकली तर भरपाई म्हणून बिलात सूट मिळते : प्रदेश पातळीवर ९९.९९ च्या खाली गेल्यास १० टक्के, ९९ च्या खाली ३० टक्के आणि ९५ च्या खाली गेल्यास पूर्ण. ही सूट त्या सेवेच्या भाड्यावर असते, बुडालेल्या धंद्यावर नव्हे. महिना दहा हजार रुपये भाडे भरणाऱ्या दुकानदाराची दिवाळीची विक्री दिवसभर ठप्प झाली, तर त्याच्या हाती एक ते तीन हजारांच्या आसपास येणार.

तेही आपोआप नाही. ग्राहकाने स्वतः दावा करावा लागतो, ठरलेल्या मुदतीत, कोणत्या तारखेला किती वाजता सेवा बंद होती हे लिहून आणि त्याला पुष्टी देणाऱ्या स्वतःच्या नोंदी जोडून. ज्याची एकमेव देखरेख त्याच क्लाउडच्या, त्याच प्रदेशातील, त्याच बंद पडलेल्या यंत्रावर चालत होती, त्याच्याकडे त्या तासांची एकही ओळ शिल्लक नसते.